वाटसरूच्या डोळ्यांनी नकाशा

परगावचा पाहुणा एस. टी.तून उतरतो आणि पारावर बसलेल्या आजोबांना वाट विचारतो. आजोबा काय सांगतात? "असं सरळ जावा. मोरी लागंल. मोरी सोडली की पांढरं देऊळ दिसंल, तिथनं डाव्या हाताला पाणंद फुटती." आजोबांनी दिशा सांगितली नाही, अंतर सांगितले नाही. चालणाऱ्याला जे जे दिसेल तेवढेच सांगितले.

आता नकाशाचे पाहा. आजकालचे पुष्कळसे नकाशे उपग्रहाने आकाशातून घेतलेल्या चित्रांवरून काढतात. त्या चित्रात घराचे छप्पर दिसते, पण ते घर शाळेचे की सोसायटीच्या गोदामाचे, हे छप्पर सांगत नाही. देवळासमोरची पाटी, फरशीवरून मोटार जाईल की नाही, झाडाखाली झाकलेली वाट, हे सारे वरून कसे दिसणार? आजारी माणसाला न्यायला निघालेल्या गाडीला तर नेमके हेच हवे असते.

हे काम लोकांनी मिळून करावे, अशी एक रीत गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये 'ओपनस्ट्रीटमॅप' नावाचा नकाशा सुरू झाला. तो कोणीही पाहावा, वापरावा आणि त्यात कोणीही भर घालावी, असा. रस्त्यावरून दिसणारी चित्रे गोळा करण्यासाठी २०१३ मध्ये स्वीडनमध्ये 'मॅपिलरी' निघाले. ते २०२० मध्ये फेसबुकने घेतले. फ्रान्समध्ये 'पॅनोरामॅक्स' म्हणून असाच उद्योग चालू आहे. कोणी विचारील, गूगलची चित्रे आहेत की! आहेत. २०२२ साली आपल्या देशात १० शहरांपासून त्यांची सुरुवात झाली; त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर होते. पण ती चित्रे पाहून लोकांच्या नकाशात नोंद करायला परवानगी नाही. शिवाय आपल्या पाणंदीत ती मोटार कधी यायची?

म्हणून आपला कॅमेरा. याला अ‍ॅक्शन कॅमेरा म्हणतात. आकार मुठीत मावण्याएवढा. तो शिरस्त्राणावर, छातीच्या पट्ट्यावर किंवा मोटारीच्या टपावर बसवता येतो, आणि वाटेत पाऊस आला तरी सहसा बिघडत नाही. सायकलच्या हँडलवरही बसतो, पण तिथून कुंपणापलीकडचे दिसत नाही. उंच जागा बरी. चालू करून दिला की तो आपला चित्रपट घेत राहतो, आपण वाहन चालवण्याकडे लक्ष द्यावे.

इथे थोडा हिशेब करू. गुरुजींनी तो फळ्यावर जरूर मांडावा. आपल्या मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची, म्हणजे सुमारे १० मीटर. ताशी ३६ किलोमीटर वेगाने चाललेली फटफटी दर सेकंदाला १० मीटर जाते. म्हणजे सेकंदाला एक साखळी! चित्रपटात त्या सेकंदाची ३० चित्रे असतात, म्हणजे जवळजवळ फुटाफुटाला एक. इतकी कशाला हवीत? दर ३ मीटरला एक पुरते. हे वेचण्याचे काम संगणक करतो. तासाभराच्या प्रवासात १,०८,००० चित्रे निघतात, त्यांतली १२,००० ठेवायची.

परंतु चित्र म्हणजे नकाशा नव्हे. प्रत्येक चित्र कोठे घेतले हे ठाऊक असेल तरच ते कामाचे. काही कॅमेऱ्यांत उपग्रहावरून जागा टिपण्याची सोय असते, काहींत नसते. एकाच कंपनीचे पाहा: गोप्रोच्या २०२३ च्या १२ क्रमांकाच्या कॅमेऱ्यातून ती काढून टाकली होती आणि २०२४ च्या १३ क्रमांकात परत आणली. विकत घेताना तेवढे विचारून घ्यावे. सोय नसेल तर खिशातल्या मोबाइलवर वाटेची नोंद ठेवायची आणि दोघांची घड्याळे जुळवायची.

या घड्याळाने मला चांगलाच धडा दिला. माझ्या कॅमेऱ्याचे घड्याळ २० सेकंद चुकले होते. वीस सेकंदांनी काय होते, असे मला वाटले. मी ताशी १८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर चाललो होतो. सगळी चित्रे १०० मीटर, म्हणजे दहा साखळ्या सरकली! कोणा दूरच्या माणसाने ती पाहून नकाशात नावे घातली, आणि आमच्या शाळेचे नाव ओढ्यापलीकडच्या गोठ्याला मिळाले. मुले पोट धरून हसली. मला मात्र हसू आले नाही. पावसाळ्यात तो ओढा ओलांडता येत नाही. नकाशा पाहून कोणी रात्री मदतीला आले असते तर ते नेमके दुसऱ्या काठाला जाऊन उभे राहिले असते. तेव्हापासून मी निघण्यापूर्वी मोबाइलवरचे सेकंदासहित घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरतो, म्हणजे फरक मागाहून काढता येतो. तसेच मोकळ्या आकाशाखाली दोन मिनिटे थांबतो, उपग्रहांचा मेळ बसू देतो. एवढे करूनही चार-पाच मीटरची चूक राहतेच. दाट झाडीत आणि घाटात ती वाढते.

उजेडाचेही तसेच. तिन्हीसांजेला कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो. शंभरावा हिस्सा सेकंद घेतला तरी तेवढ्यात फटफटी चार इंच पुढे जाते आणि पाटीवरची अक्षरे फिसकटतात. लख्ख ऊन असावे, पण सूर्य समोर नसावा.

बरे, लोकांच्या दाराशी कॅमेरा नेणे शोभते का? हा प्रश्न आमच्या गावातल्या बायकांनीच मला विचारला, आणि तो रास्त होता. ही चित्रे मांडणाऱ्या संस्था यंत्राकडून चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक पुसट करून घेतात, पण यंत्र चुकते. म्हणून पाणवठा आला, कोणाचे अंगण आले, की मी कॅमेरा बंद करतो. लष्कराच्या जागांजवळ तर तो काढूच नये. २०२१ च्या फेब्रुवारीतील सरकारी नियमांप्रमाणे रस्त्यावरून अशी चित्रमोजणी करण्याची मुभा फक्त भारतीय नागरिकांना व भारतीय संस्थांना आहे.

सुरुवात कोठून करावी? शाळेपासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता घ्यावा. वाहन मोठ्या माणसाने चालवावे. चित्रे पाहून पाट्या, मोऱ्या आणि थांबे नोंदवायला मुले बसवावीत, ती फार बारकाईने पाहतात. आणि दिवाळीनंतर त्याच रस्त्याने पुन्हा एक फेरी मारावी. प्रत्येक चित्रावर तारीख असते, तेव्हा मे महिन्यातली फरशी आणि पाऊस सरल्यावरची फरशी शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात.