फळा न पुसणारी शाळा

सैतामा (जपान), नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आली. बुधवारी चौथीचा एक वर्ग सोडून साऱ्या शाळेला दुपारी लवकर सुट्टी. इथे नव्याने आलेल्या पालकाला हे कोडंच वाटतं. तो एक वर्ग थांबतो, बाकीची मुलं घरी जातात आणि शाळेतले सगळे शिक्षक त्या वर्गात जाऊन उभे राहतात. मी पैठण तालुक्यात अकरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे. तेवढ्या आधारावर उपमुख्याध्यापकांना विनंती केली आणि त्यांनी मलाही मागच्या भिंतीपाशी जागा दिली.

पाठ क्षेत्रफळाचा होता. इंग्रजी एल अक्षरासारखी आकृती, तिचं क्षेत्रफळ काढायचं. मुलांनी टॅबलेटवर बोटाने रेघ ओढून तिचे आयत पाडले. बाईंनी बटण दाबलं आणि वर्गातल्या प्रत्येकाचं उत्तर एकदम पडद्यावर आलं. वीस-पंचवीस शिक्षक हातात कागद घेऊन उभे होते, पण त्यांच्यातलं कुणीही बाईंकडे बघत नव्हतं. प्रत्येकाने दोन-तीन मुलं वाटून घेतली होती आणि नजर त्यांच्या हातांवर होती.

मुलं गेल्यावर चर्चा सुरू झाली, ती दीड तास चालली. एक तरुण शिक्षक म्हणाले, पडद्यावर सगळ्यांची उत्तरं दिसताच खिडकीजवळच्या मुलीने आपली रेघ पुसली. तिची रेघ बरोबर होती. या एका रेघेवर वीस मिनिटं बोलणं झालं. उत्तरं दाखवायची घाई झाली का? आधी शेजाऱ्याला समजावून सांगायला लावलं असतं तर? ज्यांनी पाठ घेतला त्या बाईच सगळ्यांत जास्त प्रश्न विचारत होत्या. टॅबलेट कसा चालवायचा, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

याला इथे ‘ज्युग्यो केन्क्यू’ म्हणतात, म्हणजे पाठाचा अभ्यास. मेइजी काळापासून जपानी शिक्षक एकमेकांचे पाठ असे बघत आले आहेत. जपानच्या शाळेत यंत्र कसं आलं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

कारण यंत्र इथे फार उशिरा आलं. जपान म्हटलं की आपल्याला रोबो आठवतो, पण मार्च 2019 मध्ये इथल्या सरकारी शाळांत सरासरी 5.4 मुलांमागे एक संगणक होता. 2018 च्या ‘पिसा’ पाहणीत वर्गात डिजिटल साधनं वापरण्यात जपान विकसित देशांच्या ओईसीडी गटात अगदी तळाला होता. डिसेंबर 2019 मध्ये सरकारने ‘गिगा स्कूल’ योजना जाहीर केली. प्रत्येक मुलाला एक साधन आणि प्रत्येक शाळेत वेगवान इंटरनेट. मुदत चार वर्षांची होती. पण मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि एप्रिलच्या पाहणीत दिसलं की, शिक्षक आणि मुलं ऑनलाइन समोरासमोर बोलू शकतील असे वर्ग जेमतेम 5 टक्के ठिकाणी चालू आहेत. मग चार वर्षांचं काम एका वर्षात उरकलं. मार्च 2021 पर्यंत बहुतेक गावांत साधनं पोहोचली.

पेट्या आल्या, पण शिक्षकांना वेळ कुठे होता? 2018 च्या आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार इथला प्राथमिक शिक्षक आठवड्याला 54 तासांहून अधिक काम करत होता. चार शाळांमागे एक तंत्र-साहाय्यक नेमायचं ठरलं. तो पासवर्ड, जोडण्या, बंद पडलेली यंत्रं बघतो. शिकवण्याचा प्रश्न शिक्षकांनी आपल्या जुन्या सवयीने, एकमेकांच्या वर्गात उभं राहून सोडवायला घेतला.

त्यातला फळ्याचा वाद मला फार आवडला. जपानी शिक्षक तास संपेपर्यंत फळा पुसत नाहीत. डावीकडे प्रश्न, मधे मुलांच्या वेगवेगळ्या वाटा, उजवीकडे निष्कर्ष. आपण कुठून निघालो आणि कुठे पोहोचलो, हे मुलाला एका नजरेत दिसतं. या फळालेखनाला ‘बानशो’ असं नाव आहे आणि त्याची आखणी आदल्या दिवशी कागदावर होते. पडद्यावरची चित्रं मात्र सरकत जातात, आधीचं नंतरच्याखाली गडप होतं. म्हणून फळ्यावर काय राहू द्यायचं आणि टॅबलेटवर काय सोपवायचं, यावर इथे अजून खल चालतो. हे कुठल्याही कंपनीच्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

हे बघताना मला आपल्याकडची प्रशिक्षणं आठवत होती. लोकसंख्येने महाराष्ट्र जवळजवळ जपानएवढा आहे, तेव्हा ही तुलना लहान-मोठ्याची नाही. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’नंतर गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, त्यासाठी धडपडलेल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कळकळीत आपण कुठेच कमी नव्हतो. पण प्रशिक्षण राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला आणि तिथून केंद्राला येईपर्यंत चार दिवसांचं एक दिवसाचं होई. मी स्वतः सुलभक होते. ॲप कसं उतरवायचं हे मी शेकडो जणांना दाखवलं, पण एकाचाही वर्ग बघितला नाही. ही खंत इथे आल्यावर जास्त बोचते.

याला एक चांगला अपवाद आपल्याकडेच घडला. 2016 मध्ये राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी इंग्रजीच्या प्राथमिक शिक्षकांसाठी ‘तेजस’ उपक्रम सुरू केला, आधी नऊ जिल्ह्यांत. जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांचे गट महिन्यातून एकदा भेटायचे, वर्गातल्या अडचणी मांडायचे आणि मधल्या दिवसांत मोबाइलवरून बोलणं चालू ठेवायचे. हीच त्याची ताकद होती. तंत्रज्ञान होतं ते शिक्षकांना एकमेकांशी जोडून ठेवण्यापुरतं.

आणि गाडीवाट! संभाजीनगरपासून 25 किलोमीटरवरच्या या गावातल्या जिल्हा परिषद शाळेने 2019 मध्ये मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायची? रोबोंच्या ओढीने मुलांनी जपानी निवडली. पुस्तक नव्हतं, शिकवणारा नव्हता. शाळेने इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप यांवर सुरुवात केली, पुढे भाषेचे एक जाणकार ऑनलाइन शिकवू लागले. चर्चेनंतर चहा घेताना मी हे सांगितलं, तेव्हा उपमुख्याध्यापकांनी गाडीवाट हे नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि जपानी लिपीत टिपून ठेवलं.

पैठणच्या माझ्या जुन्या केंद्रातल्या एका बाई पुढच्या महिन्यात शिक्षण परिषदेच्या दिवशी भाषणांऐवजी आपला वर्ग भरवणार आहेत, मुलांसकट. बाकीच्या शाळांचे गुरुजी मागे उभे राहून बघतील. बुधवारचा निरीक्षणाचा कागद मराठी करून मी त्यांना काल पाठवला. त्यात तीनच रकाने आहेत: मुलाचं नाव, वेळ आणि त्या वेळी त्याने काय केलं. शिक्षकाच्या नावाला जागा नाही. बाईंचा लगेच निरोप आला, एका कागदावर किती मुलं लिहायची? मी कळवलं, तीन.