उच्च रक्तदाबाचे मूळ अधिवृक्क ग्रंथीत

उच्च रक्तदाब म्हणजे वय, वजन, मीठ आणि मानसिक ताण यांचा परिपाक, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बहुसंख्य रुग्णांमध्ये त्याचे एकच एक कारण सांगता येतही नाही. तथापि काही रुग्णांमध्ये या विकाराचे मूळ मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या दोन लहानशा अधिवृक्क ग्रंथींमध्ये असते. या ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक गरज नसतानाही स्रवत राहिले, की शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते आणि रक्तदाब वाढतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यामुळे तो ‘कॉन सिंड्रोम’ या नावानेही ओळखला जातो.

पोटॅशियम घटले तरच या विकाराची शंका घ्यावी, असा समज दीर्घकाळ होता. प्रत्यक्षात अनेक रुग्णांमध्ये पोटॅशियमचे प्रमाण सामान्य आढळते. म्हणूनच रक्तातील अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांच्या परस्पर प्रमाणाची तपासणी महत्त्वाची ठरते. मूत्रपिंडातून स्रवणारे रेनिन एरवी अल्डोस्टेरॉनच्या निर्मितीला चालना देते. रेनिन दबलेले असूनही अल्डोस्टेरॉन चढेच असेल, तर ग्रंथी स्वयंभूपणे काम करीत आहे, असा अर्थ होतो. आवश्यकता भासल्यास शिरेतून चार तासांत दोन लिटर सलाइन देऊन अल्डोस्टेरॉन खाली येते का, हे पाहिले जाते. निरोगी व्यक्तीत ते खाली येते. या विकारात येत नाही.

निदान झाले तरी खरा पेच पुढेच असतो. दोष एका ग्रंथीत आहे की दोन्हींत? एकाच ग्रंथीत अल्डोस्टेरॉन निर्माण करणारी गाठ असल्यास दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ती ग्रंथी काढता येते. अशा रुग्णांचे पोटॅशियम बहुधा पूर्ववत होते. काहींच्या रक्तदाबाच्या गोळ्या सुटतात, तर अनेकांच्या कमी होतात. दोन्ही ग्रंथी दोषी असल्यास मात्र शस्त्रक्रिया उपयोगाची नाही. तेथे स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन यांसारखी अल्डोस्टेरॉनला अटकाव करणारी औषधे द्यावी लागतात.

हा भेद केवळ सीटी स्कॅनवरून करणे धोक्याचे आहे. वाढत्या वयात अधिवृक्क ग्रंथीत निरुपद्रवी गाठी सहज आढळतात, तर खरी दोषी गाठ काही मिलिमीटरची असल्याने स्कॅनमध्ये निसटू शकते. २००४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सीटीचा निष्कर्ष केवळ ५३ टक्के रुग्णांमध्ये अचूक ठरला. फक्त सीटीवर विसंबले असते, तर २५ टक्के रुग्णांवर अनावश्यक शस्त्रक्रिया झाली असती आणि २२ टक्के रुग्ण आवश्यक शस्त्रक्रियेपासून वंचित राहिले असते.

यावर उपाय म्हणजे दोन्ही अधिवृक्क शिरांमधील रक्ताची स्वतंत्र तपासणी. जांघेतील शिरेतून बारीक नळी सरकवून दोन्ही बाजूंचे रक्त घेतले जाते. नळी योग्य जागी पोहोचली की नाही, हे नमुन्यातील कॉर्टिसॉलच्या पातळीवरून कळते. दोन्ही बाजूंच्या अल्डोस्टेरॉनची तुलना करतानाही हीच पातळी आधाराला घेतली जाते. उजवीकडची शीर आखूड असून थेट महाशिरेला मिळते. त्यामुळे तेथील नमुना घेणे कौशल्याचे काम असून, ही सोय मोजक्याच केंद्रांत असते. पस्तिशीच्या आतील, पोटॅशियम घटलेल्या आणि स्कॅनमध्ये एकाच बाजूला ठळक गाठ दिसणाऱ्या रुग्णांना ही तपासणी टाळता येऊ शकते. क्वचित हा विकार आनुवंशिकही असतो.

अल्डोस्टेरॉनचा अतिरेक हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांना, तेवढाच रक्तदाब असलेल्या अन्य रुग्णांच्या तुलनेत, अधिक इजा करतो. म्हणूनच अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत उच्च रक्तदाबाच्या सर्वच रुग्णांची याबाबत प्राथमिक चाचणी करावी, असे सुचवले आहे. तीन औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणाऱ्यांनी, तसेच तरुण वयातच हा विकार जडलेल्यांनी तर आपल्या डॉक्टरांकडे या चाचणीविषयी जरूर विचारणा करावी. मात्र काही गोळ्यांमुळे चाचणीचा निष्कर्ष बदलतो म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. तो निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा.