शोभेची हिरवळ आणि वाळवंटाचा हिशेब

अमेरिकेतील अनेक गृहवसाहतींत अंगणातली हिरवळ ही केवळ हौस नसते, तो नियम असतो. ती वाळली, तर रहिवासी संघ घरमालकाला दंड करू शकतो. नेवाडातल्या लास व्हेगासमध्ये वर्षाला जेमतेम १०-११ सेंटिमीटर पाऊस पडतो. तिथे हा नियम महागात पडतो. घरातले सांडपाणी शुद्ध होऊन पुन्हा लेक मीड जलाशयात जाते. हिरवळीवर शिंपडलेले पाणी मात्र हवेत विरते. स्थानिक जलप्राधिकरणाच्या अभ्यासात एक चौरस फूट हिरवळीला वर्षाला सुमारे २७६ लिटर पाणी लागले, तर वाळवंटी झाडांच्या बागेला सुमारे ६५ लिटर.

म्हणून प्राधिकरण हिरवळ काढणाऱ्यांना अनुदान देते. अशा बागेला संघाने अवाजवी आडकाठी करू नये, असे राज्याचा कायदा सांगतो. आराखड्याला संघाची संमती मात्र घ्यावी लागते. २०२१च्या कायद्याने तर २०२७पासून वसाहतींच्या सामाईक जागेतील निव्वळ शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचे पाणी देणेच बंद केले. म्हणजे सभासदांकडून हिरवळीचा आग्रह धरणाऱ्या संघांवरच आता स्वतःची हिरवळ उपटण्याची पाळी आली आहे. स्वतंत्र घरांची अंगणे या बंदीतून वगळली आहेत. तिथला निर्णय अजून घरमालकाचाच आहे.