प्रसूतिपश्चात रक्तस्राव

प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणजे बाळंतपणानंतर जननमार्गातून होणारा प्रमाणाबाहेरचा रक्तस्राव होय. प्रसूतीनंतरच्या पहिल्या २४ तासांत ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेल्यास ही अवस्था मानण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा प्रघात आहे. १,००० मिलिलिटर किंवा अधिक रक्त गेल्यास ती तीव्र समजली जाते. २४ तासांनंतर उद्भवणाऱ्या रक्तस्रावास दुय्यम म्हणतात. या कारणाने जगात दरवर्षी हजारो स्त्रियांचा मृत्यू होतो. त्यांतील बहुतेक स्त्रिया कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. वेळीच ओळख पटल्यास यांपैकी बहुसंख्य मृत्यू टाळता येतात.

कारणे

गरोदरपणाच्या अखेरीस गर्भाशयाला दर मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त पुरवले जाते. वार सुटल्यावर तिच्या जागेवरील रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांच्याभोवतीचे स्नायुतंतू आकुंचन पावून त्यांना आवळून धरतात व रक्तस्राव थांबतो. हे आकुंचन पुरेसे न होणे, म्हणजे गर्भाशय शिथिल राहणे, हे सर्वांत मोठे कारण असून सुमारे ७० टक्के रक्तस्राव त्यामुळे होतात. जन्ममार्गास इजा होणे, वारेचा तुकडा आत राहणे आणि रक्त गोठण्यातील दोष ही इतर कारणे होत.

जुळी बाळे, लांबलेली प्रसूती किंवा पूर्वीच्या बाळंतपणातील रक्तस्राव यांमुळे धोका वाढतो. तथापि कोणताही धोका नोंदलेला नसलेल्या स्त्रियांनाही हा रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक प्रसूतीत दक्षता आवश्यक ठरते. रक्तक्षय असलेल्या स्त्रीस तुलनेने कमी रक्त गेले तरी ते घातक ठरू शकते.

निदान

किती रक्त गेले याचा अंदाज दीर्घकाळ नजरेनेच घेतला जात असे. रक्त कपड्यांत मुरते, गर्भजलात मिसळते, आणि निरोगी तरुण स्त्रीची नाडी व रक्तदाब बरेच रक्त जाईपर्यंत फारसे बदलत नाहीत. त्यामुळे अनुभवी व्यक्तीचाही अंदाज चुकतो. यावर उपाय म्हणून खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी वापरात आली. बाळ जन्मताच ती स्त्रीच्या कमरेखाली पसरतात. रक्त निमुळत्या भागात जमते व त्याचे प्रमाण खुणांवरून वाचता येते. बेळगाव येथील अभ्यासात नजरेचा अंदाज पिशवीतील मोजणीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला.

प्रतिबंध

बाळ जन्मल्यावर लगेच ऑक्सिटोसिनची १० एकके टोचून देणे हा प्रमुख प्रतिबंधक उपाय आहे. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केले. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मात्र हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. शीतपेटीची सोय नसलेल्या ठिकाणी उष्णतेने न बिघडणारे कार्बेटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात.

मिसोप्रोस्टॉलचा एक महत्त्वाचा पुरावा बेळगाव जिल्ह्यातील ग्रामीण भागातून मिळाला. तेथे प्रशिक्षित सहायक परिचारिका-प्रसाविकांनी १,६२० स्त्रियांच्या प्रसूतींत गोळ्यांची चाचणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. डॉक्टर नसलेल्या ठिकाणीही प्रशिक्षित प्रसाविका हा उपचार सुरक्षितपणे करू शकते, हे त्यातून दिसून आले.

उपचार

गर्भाशय चोळणे, आकुंचनाची औषधे देणे, शिरेतून द्रव देणे आणि जखमा व वार तपासणे हे प्राथमिक उपाय आहेत. ट्रॅनेक्झामिक आम्ल हे रक्ताची गुठळी विरघळू न देणारे औषध जपानमधील उताको ओकामोतो व शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधले आणि १९६२ मध्ये जाहीर केले. २१ देशांतील सुमारे २०,००० स्त्रियांवरील चाचणीत ते रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी करते, विशेषतः प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत दिल्यास, असे २०१७ मध्ये सिद्ध झाले. उताको ओकामोतो यांचे त्याआधीच, २०१६ मध्ये, निधन झाले होते.

एवढ्याने रक्त न थांबल्यास गर्भाशयात फुगा भरून आतून दाब देतात. महागडा फुगा परवडत नसलेल्या रुग्णालयांसाठी ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी निरोध व रबरी नळीपासून तसेच साधन तयार केले. गर्भाशय बाहेरून आवळणारे टाके, रक्तवाहिन्या बांधणे आणि शेवटी गर्भाशय काढून टाकणे हे शस्त्रक्रियेचे पर्याय होत.

प्रशिक्षण

यांतील बहुतेक उपाय अनेक वर्षे उपलब्ध होते. परंतु ते एकामागून एक, वाट पाहत केले जात आणि त्यात मौल्यवान वेळ जाई. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत मोजणीची पिशवी आणि प्राथमिक उपचारांचा एकत्रित संच वापरण्यात आला. कर्मचाऱ्यांना प्रसूतिकक्षातच सरावाचे प्रशिक्षण दिले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या पद्धतीच्या रुग्णालयांत ९३ टक्के रक्तस्राव ओळखले गेले, तर नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के. संपूर्ण उपचारसंच मिळण्याचे प्रमाण अनुक्रमे ९१ व १९ टक्के होते. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ ऐवजी १.६ टक्के राहिले. या चाचणीत नवे औषध कोणतेही नव्हते.

भारतातील स्थिती

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२० च्या आकडेवारीनुसार भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होत असत. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते. रक्तस्राव हे मातामृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. जननी सुरक्षा योजनेने २००५ पासून रुग्णालयातील प्रसूतीस प्रोत्साहन दिले, तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ उपक्रमाचा भर प्रसूतिकक्षातील सेवेच्या दर्जावर आहे.