फुलीऐवजी आकडा

लेस्टरहून ग्लासगोला बिऱ्हाड हलवलेले आमचे एक स्नेही मे २०२२ मध्ये कौन्सिलचे मतदान करून आले आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "तीन फुल्या मारून आलो!" लेस्टरला तीन नगरसेवकांच्या वॉर्डात तीन फुल्या मारायची रीतच आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र तसे मत बाद होते. हे त्यांना सांगण्याचे अप्रिय काम आमच्याकडे आले. बिचारे एकटे नाहीत. तेथील कौन्सिल निवडणुकीत शंभरातल्या जवळजवळ दोन मतपत्रिका बाद ठरतात.

२००७ पासून स्कॉटलंडच्या ३२ कौन्सिलांत फुली गेली आणि पसंतीचे आकडे आले. बहुतेक वॉर्डांत तीन किंवा चार जागा असतात. आवडत्या उमेदवारापुढे १, त्याखालोखाल २, ३ असे वाटतील तितके आकडे घालावेत. चार जागांच्या वॉर्डात दहा हजार मते वैध ठरली, तर २००१ मतांचा कोटा गाठणारा निवडून आला. त्याची जादा मते अपूर्णांकाच्या हिशेबाने पुढच्या पसंतीकडे जातात. कोणीच कोटा गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मते वाटली जातात. सुदैवाने हा हिशेब यंत्र करते.

वाचकहो, हे प्रकरण आपल्याला अगदीच परके नाही. आपली राज्यसभा आणि विधान परिषद याच पद्धतीने भरते. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मते होती आणि भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. तरी जिंकले महाडिक, कारण त्यांच्या पक्षाच्या दोन विजयी उमेदवारांची जादा मते दुसऱ्या पसंतीने त्यांच्याकडे आली. फरक इतकाच की राज्यसभेसाठी आपल्याकडे हे गणित आमदार करतात. स्कॉटलंडमध्ये ते दूधवाला, शिक्षिका आणि सोळा वर्षांचा विद्यार्थीही करतो.

याने पडलेला फरक ग्लासगोत दिसतो. २००३ मध्ये, जुन्या पद्धतीत, सुमारे ४८ टक्के मतांवर लेबर पक्षाने ७९ पैकी ७१ जागा घेतल्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक मतदारांच्या वाट्याला आठ नगरसेवक! २००७ मध्ये सुमारे ४३ टक्के मतांवर त्यांना ४५ जागा मिळाल्या, स्कॉटिश नॅशनल पार्टीला २२ आणि ग्रीन पक्षाला ५. २०२२ मध्ये ८५ जागांपैकी नॅशनल पार्टी ३७, लेबर ३६, ग्रीन १०, काँझर्वेटिव्ह २. आमच्या मते मताला किंमत आली ती येथे.

पण किंमत मोजावीही लागते. एडिनबरोत २०२२ मध्ये ६३ पैकी १९ जागा मिळवून नॅशनल पार्टी पहिली आली आणि विरोधात बसली. १३ जागांच्या लेबरने इतरांच्या पाठिंब्यावर कारभार हाती घेतला. २०१९ चे महाराष्ट्राचे राजकारण पाहिलेल्या वाचकाला याचे नवल वाटू नये, मात्र ज्याला मत दिले तोच कारभारी होईल अशी आशा धरणाऱ्याचा हिरमोड होतो.

आणखी एक गंमत. मतपत्रिकेवर नावे आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने असतात. एकाच पक्षाचे दोन उमेदवार असले की वरच्या नावालाच बहुधा जास्त पहिल्या पसंतीची मते पडतात. तेव्हा आपल्यापैकी कोणी उभे राहिले तर आपट्यांची चंगळ आणि यादवांची पंचाईत! म्हणून पक्ष वॉर्डाचे भाग पाडून कोणत्या गल्लीने कोणाला १ द्यावा, याची पत्रके वाटतात.

भारतीय पासपोर्ट असला तरी तेथे कायदेशीर वास्तव्य असणाऱ्यास नावनोंदणी करून या निवडणुकीत मत देता येते. कचऱ्याची गाडी, शाळा, रस्त्यावरचे खड्डे, सारे कौन्सिलच्याच हाती असते, तरी आपल्या कित्येक घरांतून नोंदणीचा अर्ज जातच नाही. पुढची निवडणूक मे २०२७ मध्ये आहे. आमच्या स्नेह्यांची धाकटी तोवर सोळा वर्षांची होईल. "बाबांना मतदानाला मीच नेणार," असे तिने आम्हाला बजावून ठेवले आहे.