चांदीवरचा काळा थर प्रयोगशाळेत जातो तेव्हा

नाशिकच्या सराफ बाजारातून हौसेने आणलेलं चांदीचं निरांजन काही महिन्यांत काळवंडलं की घरात पहिली शंका भेसळीची येते. बहुतेक वेळा ती खोटी असते. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकाच्या संयुगांनी चांदीच्या पृष्ठभागाचं सिल्व्हर सल्फाइड केलेलं असतं. वजनाने त्यात ८७ टक्के चांदीच असते, पण स्वभाव पार पालटलेला असतो. चांदी उत्तम वाहक, तर हा काळा थर अर्धवाहक.

अर्धवाहकातला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला ठरावीक ऊर्जा लागते. तिला बँड गॅप म्हणतात. सिल्व्हर सल्फाइडमध्ये ही ऊर्जा साधारण १ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रत्येक रंगाच्या प्रकाशात याहून जास्त ऊर्जा असते, म्हणून सगळेच रंग शोषले जातात आणि थर काळा दिसतो.

या पदार्थाची कामगिरी जुनी आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या प्रकारच्या फिल्मवर टिपला, तिच्यात चांदीच्या हॅलाइडचे बारीक स्फटिक जिलेटिनमध्ये बसवलेले असत. जिलेटिनमधल्या अंशमात्र गंधकामुळे या स्फटिकांवर सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म ठिपके तयार होतात आणि फिल्म जास्त संवेदनशील होते, हे कोडॅकच्या शेपर्ड यांनी १९२५ मध्ये दाखवून दिलं.

आज रस आहे तो या सल्फाइडच्या सुट्या नॅनोस्फटिकांत. स्फटिक काही नॅनोमीटरचा झाला की इलेक्ट्रॉनला वावरायला जागा पुरत नाही आणि बँड गॅप रुंदावतो. मग आकार बदलून प्रकाशाची तरंगलांबी बदलता येते. अशा कणांच्या संशोधनासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या क्षेत्रातले सर्वाधिक अभ्यासलेले कण कॅडमियमचे आहेत आणि कॅडमियम विषारी आहे. सिल्व्हर सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे त्यातून आयन फारसे सुटत नाहीत. शिवाय त्याचे कण १००० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश देतात. हा प्रकाश ऊतींमध्ये कमी विखुरतो, म्हणून शरीराच्या आतलं चित्रण करण्यासाठी त्यांचा अभ्यास होतो.

हे कण करायचे कसे? तीन तोंडांच्या चंबूत चांदीचा क्षार आणि ओलिलअमाइनसारखं लांब शेपटीचं द्रावक घेतात. हवा काढून नायट्रोजन सोडतात आणि मिश्रण ढवळत तापवतात. दुसरीकडे गंधक विरघळवून ठेवलेलं असतं. नाशिकच्या द्राक्षबागांत भुरीवर मारतात तेच मूलद्रव्य. ते सिरिंजने झटक्यात आत सोडलं की एकाच वेळी असंख्य बीजं जन्मतात आणि मग सगळी सारखीच वाढू लागतात. हव्या त्या आकाराला चंबू थंड करायचा, इथेनॉल घालून कण खाली बसवायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगळे करायचे आणि टोल्युइनमध्ये पुन्हा पसरवायचे.

चांदीच्या बाबतीत मात्र दोन अडचणी येतात. एक म्हणजे चांदी आणि गंधक यांची ओढ इतकी जबर की अभिक्रिया क्षणात उरकते आणि आकार हाताबाहेर जातो. म्हणून चांदीला आधी थायोलने बांधून ठेवतात किंवा गंधक हळूहळू सोडणारं संयुग वापरतात. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. चांदीच्या आयनाला धातू व्हायची घाई असते. प्रकाशाने तो धातू होतो आणि तापलेलं ओलिलअमाइनही त्याला धातू करतं. चंबूत काळं द्रावण दिसलं म्हणजे सल्फाइडच झालं, असं मुळीच नाही.

म्हणून माझ्या मते या कामात करण्यापेक्षा तपासणं अवघड आहे. पहिली पायरी शोषण वर्णपट. सिल्व्हर सल्फाइडचा आलेख सहसा ठळक शिखर न दाखवता अवरक्ताकडे उतरत जातो. ४०० ते ४२० नॅनोमीटरला डौलदार शिखर दिसलं, तर धातूच्या चांदीचा संशय घ्यावा. तुळस-कडुनिंबाच्या अर्कातून महाविद्यालयांत केले जाणारे चांदीचे नॅनोकण हेच शिखर दाखवतात. ते काम चांगलं आहे, पण ते कण धातूचे आहेत, अर्धवाहक नव्हेत.

उत्सर्जन मोजायला नेहमीचा सिलिकॉनचा शोधक पुरत नाही. ११०० नॅनोमीटरच्या पुढे तो आंधळा असतो. तिथे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा शोधक लागतो. क्ष-किरण विवर्तनात स्फटिकाची रचना कळते आणि रेषा किती रुंदावल्या यावरून शेररच्या सूत्राने आकाराचा अंदाज येतो. इथेही सावध राहावं लागतं. तांब्याच्या क्ष-किरणांत धातूच्या चांदीची मुख्य रेषा ३८.१ अंशांवर येते आणि सल्फाइडची एक रेषा तिला अगदी खेटून असते. रेषा रुंदावल्या की धातू तिच्या आड लपतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कण प्रत्यक्ष दिसतात. शेकडो कण मोजून सरासरी काढतात. पण त्याच इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने सिल्व्हर सल्फाइड विघटित होऊन त्यातून चांदी बाहेर पडते. म्हणजे तपासताना पदार्थच बदलू शकतो. तेव्हा किरण मंद ठेवावा आणि फोटो लवकर घ्यावा.

यातली एकही चाचणी एकटीने पुरेशी नाही. प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं: शोषण, उत्सर्जन, विवर्तन आणि सूक्ष्मदर्शक हे चारही एकच गोष्ट सांगेपर्यंत अहवालात ‘अर्धवाहक नॅनोस्फटिक’ असं लिहू नका.