दीड वाजताची किक-ऑफ

चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीचे बहुतेक सामने मध्य युरोपात रात्री नऊला सुरू होतात. तेव्हा कात्रजमध्ये मध्यरात्रीचा दीड वाजलेला असतो. मार्चअखेर तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, त्यामुळे उपांत्यपूर्व फेरी आपल्याकडे साडेबाराला दिसते. भारती विद्यापीठाच्या आसपास खोली घेऊन राहणारी फुटबॉलवेडी मुलं मात्र संध्याकाळपासूनच अस्वस्थ असतात.

ही हुरहूर येते कुठून? वोल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये माकडांवरचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. खूण दाखवायची आणि थोड्या वेळाने रसाचा घोट द्यायचा, कधी द्यायचाच नाही. घोट नक्की मिळणार किंवा नक्कीच मिळणार नाही, तेव्हा वाट पाहताना डोपामाइनच्या पेशी शांत राहत. शक्यता निम्मी-निम्मी असली की त्या सर्वाधिक चेतत. तुल्यबळ संघांची लढत नेमकी अशीच असते. एकतर्फी सामन्यासाठी कोण जागणार?

या उत्कंठेचा भार हृदयावरही पडतो, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. 2006 च्या विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना नेहमीच्या 2.66 पट झाल्या. सर्वाधिक घटना सामना सुरू झाल्यानंतरच्या दोन तासांत घडल्या. धोका विशेष होता तो आधीच हृदयविकार असलेल्यांना.

घरातले काका-आजोबा सोबत जागणार असतील, तर त्यांच्या गोळ्या वेळेवर घेतल्या गेल्या का, एवढं आधी पाहा. छातीत दुखलं, तर शेवटच्या शिट्टीची वाट न पाहता 108 ला फोन करा.